आंधळी आखणी

आखणीबाईंचं कुणाशी पटत नसे, आणि पटावं असा त्यांचा आग्रहही नव्हता. जमीन मोजणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं त्यांनी नकाशे आखले. तिथल्या लांबलचक खोलीत खिडकीजवळचं टेबल त्यांचं. त्या टेबलापासून चार हातांवर कुणी शिंकलं तरी बाई मान वर न करता म्हणत, "शिंकायला व्हरांडा आहे." निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी ते आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं मागं आहे. बदलून आणा." आणि लोकांनी ते निमूट बदलून आणलं, कारण नाही म्हणण्यापेक्षा दुकानाची पायपीट सोपी होती.

घरात नवरा. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, सगळं गाव त्यांना पोस्टमास्तर म्हणायचं. बाईंचं तोंड जितकं तिखट तितकं यांचं गोड. बायकोनं कुणाला डागलं की मागोमाग जाऊन फुंकर घालणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदाच होता. जिन्याच्या त्याच मजल्यावर समोरच्या दारात धाकटे दीर आणि जाऊ. दीर वजनमापं तपासायच्या खात्यात होते. लोक त्यांना मागून मापाडी म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. दोन दारांमध्ये अंतर सहा पावलांचं, पण बाई आणि जाऊ यांच्यात साधं "आलात का" व्हायलाही आठवडा जायचा. मुळात कशावरून बिनसलं ते दोघींनाही आता आठवत नव्हतं. त्यामुळं मिटवायचं तरी काय, हा प्रश्नच होता.

या दोन भावांना लहानपणापासून एकच खूळ. टेबलावरची लढाई. कुलपांच्या दुकानावर एक मोठी खोली होती, तिथं दर रविवारी नऊ जणांचं मंडळ जमायचं. दोन टेबलं जोडायची, त्यावर हातानं काढलेला नकाशा पसरायचा. त्यावर नदी, टेकड्या, गावं, रस्ते. आणि मग पुठ्ठ्याच्या चकत्या घेऊन, एक चकती म्हणजे एक पलटण, संध्याकाळपर्यंत एकमेकांचा निःपात करायचा. थोरला पश्चिमेकडून लढायचा, धाकटा पूर्वेकडून. ही वाटणी पहिल्या रविवारपासूनची. बाकीच्या सातांतले सहा जण आपापल्या रागलोभाप्रमाणं दोन्हीकडं वाटले जायचे. सातवा, खालच्या दुकानाचा मालक कुलूपवाला, पंच.

सुरुवातीला नकाशावर चौकोन असायचे. चौकोनात एक खोट असते. सरळ चाललं की एक घर म्हणजे एक घर, पण कोपऱ्यातून तिरकं निसटलं की एका घरात जवळजवळ दीड घराची मजल मारता येते. त्या दीड घरावरून एकदा पोस्टमास्तर आणि मंडळातला बेकरीवाला यांची हातघाई झाली आणि एक खुर्ची कामी आली. नेमक्या त्याच वेळी बाई नवऱ्याची विसरलेली छत्री घेऊन जिना चढून आल्या. मोडलेली खुर्ची बघितली, नकाशा बघितला.

"चौकोनाला कोपऱ्यातून पळवाट असते," त्या म्हणाल्या. "सहा बाजूंची घरं आखा, मधमाशांच्या पोळ्यासारखी. प्रत्येक घराला शेजारी सहा आणि सगळे सारख्याच अंतरावर. माशीला कळतं ते तुम्हा नऊ जणांना कळू नये?"

"मग आखून द्या की," बेकरीवाला चिडून म्हणाला.

अशी आखणी बाईंकडं आली आणि अकरा वर्षं त्यांच्याकडंच राहिली. नोकरी होती तोवर ती रविवारची गंमत होती. कचेरी सुटली, नकाशे यंत्रावर निघायला लागले, आणि मग बाईंच्या हाताला तेवढं एकच काम उरलं. मागच्या खोलीतलं टेबल, पितळी पट्टी, सुई आणि राखाडी शाई. हे त्या कुणाला बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या. पण शनिवारी त्या टेबलाला कुणाचा कोपर लागला तर काय होतं, हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्यांची पद्धत अशी. आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून कागदाचा मध्य काढायचा. कडेपासून सुरुवात करायची नाही. कडेपासून निघालं तर केसाएवढी चूक चाळिसाव्या घरापर्यंत बोटाएवढी होते. मध्यापासून चारी दिशांना गेलं तर निम्मीच साचते. घर सहा सुतांचं, म्हणजे पाऊण इंचाचं. पण घरांच्या रांगा सहा सुतांवर बसत नाहीत, सव्वापाचाला किंचित कमी अशा बसतात. नवशिका तिथंही सहाच धरतो आणि घरं पोट सुटल्यासारखी दिसायला लागतात. बाई पूर्ण रेघा कधीच मारत नसत. रेघा मारल्या की नकाशा तुरुंगाच्या गजाआडून बघितल्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या फक्त कोपरे टोचायच्या, जिथं तीन घरं मिळतात तो तिठा. प्रत्येक तिठ्यावर तीन पायांची बारीकशी खूण, आणि घराच्या तळाशी चार आकडे. पहिले दोन रांगेचे, पुढचे दोन घराचे.

आणि मुख्य म्हणजे हे सगळं कागद पालथा घालून. पहिल्याच वर्षी बेकरीवाल्यानं मापाड्यांच्या कानाला लागून म्हटलं होतं, नवऱ्याची सोय बघून आखणार ही बाई. बाईंच्या कानावर ते आलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्यांनी नकाशा पालथा घातला आणि पाठीमागून, खाली डोंगर आहे की डबकं हे न बघता, कोपरे टोचून काढले. मग उलटला. जे ज्या घरात पडलं ते पडलं. तेव्हापासून त्याला आंधळी आखणी नाव पडलं. तिच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि बाईंनाही तिच्याइतका अभिमान दुसऱ्या कशाचा नव्हता.

नकाशावरचा मुलूख, म्हणजे नद्या-टेकड्या, दहा वर्षं पोस्टमास्तरांनी काढला. ते बरेचदा जिंकायचे. वर्षाला एक मोठी लढाई असायची, तशा दहापैकी सात. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि गेल्या वर्षीपासून मुलूख काढायचं काम मापाड्यांकडं गेलं. त्या वर्षीची लढाई मापाडी हरले, पण त्या खेपेला हरल्यावरही ते शांत होते, आणि शांत मापाडी हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

या वर्षीच्या मोठ्या लढाईच्या तीन आठवडे आधी त्यांनी मंडळात एक गुंडाळी आणली. छापलेली जाळी. यंत्रावर निघालेली, कडक, काळीभोर, एकही घर वाकडं नाही.

"वहिनींचं वय होतंय," ते म्हणाले. "किती दिवस त्रास द्यायचा?"

"माझं वय तुमच्या डोळ्यावर येतंय का भावजी?" बाई त्या दिवशी कोपऱ्यात आकडे घालत बसल्या होत्या. "तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी. तुम्ही तर त्रास द्यायला अजून ताजेतवाने आहात."

वादावादी झाली. शेवटी कुलूपवाल्यानं तोड काढली. या लढाईला बाईंचीच आखणी. पण एखादी जागा नेमकी कुठल्या घरात येते यावरून या खेपेला वाद झाला, तर पुढच्या रविवारपासून छापील जाळी. बाईंना विचारलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "वाद माझ्या आखणीत होत नाही. तुमच्या टाळक्यात होतो."

लढाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मापाड्यांनी मुलूख काढून दिला. बाईंनी दोरे ताणले, कागद पालथा घातला आणि दुपारपर्यंत टोचत बसल्या. मग उलटला.

नदीवर पूल एकच होता. दोन्ही सैन्यांना पार व्हायला दुसरी जागा नाही. आणि त्या पुलाच्या बरोबर मधोमध सुईचं भोक होतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. पूल तिठ्यावर होता. तीन घरं जिथं मिळतात तिथं, एक तृतीयांश ह्या घरात, एक त्या, एक तिसऱ्यात. असा पूल कुणाचाच नसतो. रविवारी पहिल्या तासातच त्यावरून डोकी फुटणार, हे सांगायला पंचाची गरज नव्हती. गाव कडेवर येतं, रस्ता रेघेवर येतो, त्याला नियम होते. ज्या घरात मोठा भाग त्या घराचं. पण तीन भाग असे वाटून दिल्यासारखे सारखे?

त्यांनी भिंग घेऊन बघितलं. मग बाकीच्या मुलुखावरून भिंग फिरवलं. गावं नऊ होती. नऊच्या नऊ आपापल्या घराच्या मधोमध बसली होती, ताटलीत अंडं ठेवावं तशी. वजनमापं तपासून तपासून मापाड्यांचा हात असा झाला होता की वाकडं ठेवायचं ठरवलं तरी जमत नसे. एक पूल मुद्दाम तिठ्यावर घातला आणि बाकीचं सगळं सवयीनं नीट लावून ठेवलं.

बाईंनी नकाशा गुंडाळला आणि सहा पावलं ओलांडली. दार जावेनं उघडलं.

"भावजी आहेत?"

"आहेत. पण आत्ताच पडलेत. भांडण असेल तर चारनंतर या."

"भांडण नाही. विचारायचंय."

"तुमचं विचारणं आम्ही ऐकलंय, जाऊबाई. मागच्या वेळी समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या."

तेवढ्यात मापाडी चष्मा कपाळावर ढकलत बाहेर आले. बाईंनी जेवणाच्या टेबलावरचं मीठ-मिरी बाजूला सारलं आणि नकाशा पसरला.

"पूल तिठ्यावर आलाय," त्या म्हणाल्या.

मापाड्यांनी वाकून बघितलं. "आलाय खरा."

"आलेला नाही. आणलाय."

"मी कसा आणणार वहिनी? आखणी तुमची. तीही पाठीमागून. अकरा वर्षं तुम्हीच सगळ्यांना सांगता, काय कुठं पडेल ते माझं मलाच ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक नाही ते मला कुठून असायचं?"

बाईंनी पुलावरच्या भोकावर नख टेकवलं. जाऊ भिंतीला टेकून उभी होती. तिला हा मोका सोडवेना.

"आता बोला," ती म्हणाली. "आणि नेमकं काय कुठं पडलं तेच काढत असाल तर आधी आपल्या घरातली टेकडी बघा म्हणावं."

"तू आत जा," मापाडी म्हणाले.

"का म्हणून? घर माझं आहे. त्यांनी जावं."

"कुठली टेकडी?" बाईंनी विचारलं.

मापाडी नकाशा गुंडाळायला लागले. "काही नाही. दादाचं नाव मी घेणार नाही. तुम्ही आखा, आम्ही भांडू, यंत्राची जाळी येईल. सगळ्यांचं भलं आहे त्यात. तुमचंही."

बाई घरी आल्या, स्टूल घेतलं आणि कपाटावरच्या जुन्या गुंडाळ्या खाली ओढल्या. दहा वर्षांच्या दहा मोठ्या लढाया. धुळीनं त्यांना ठसका लागला, पण पाणी प्यायला त्या थांबल्या नाहीत. पहिला नकाशा पसरला. तोफेचा पल्ला पाच घरांचा, हा मंडळाचा जुना नियम. पश्चिमेकडं, म्हणजे पोस्टमास्तरांच्या बाजूला, एक टेकडी होती. टेकडीपासून नदीच्या उतारापर्यंत बाईंनी घरं मोजली. पाच. दुसरा नकाशा. पाच. तिसरा. नदी वेगळी, टेकडीचा आकार वेगळा, जागा वेगळी. घरं पाच. आणि टेकडी दरवेळी आपल्या घराच्या बरोबर मधोमध. एका नकाशात तेवढी सहा होती.

त्यांनी दोन नकाशे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. वरच्या भोकातून खालच्या भोकातला उजेड आला. प्रत्येक भोकातून. मध्यापासून सुरुवात, तीच पट्टी, तोच हात. अकरा वर्षांत तिळभर इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. त्यांनी कागद पालथा घातला काय नि सुलटा ठेवला काय, जाळी दरवेळी तिथंच पडत होती. कुणीही जुना नकाशा काचेला लावून त्यावर कोरा कागद धरला की येणारं प्रत्येक घर त्याला आयतं दिसत होतं. आंधळ्या फक्त बाईच होत्या.

पोस्टमास्तर आरामखुर्चीत डोळ्यांत थेंब घालून पडले होते.

"अहो, उठा. टेकडी सांगा."

"कसली टेकडी?"

"दहाही नकाशे खाली काढलेत मी."

पोस्टमास्तर उठून बसले. थेंब गालावर ओघळले ते त्यांनी बाहीनं पुसले. "अगं, मी फसवत नव्हतो. जागा निवडत होतो. मुलूख काढणाऱ्यानं टेकडी कुठंतरी ठेवायचीच ना?"

"कुठंतरी. पाच घरांवर नव्हे."

"एकदा सहावर ठेवली होती."

"आणि हरलात."

"आणि हरलो," पोस्टमास्तर म्हणाले. "धाकट्यानं सांगितलं?"

"तो तुमचं नाव घेईना. त्याच्या बायकोच्या पोटात राहिलं नाही."

"मग कुणाला कळलेलं नाही म्हणायचं." त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला. "हे बघ, रविवारी तू गप्प बस. पुलावरून वाद होईल, होऊ दे. छापील जाळी येईल, येऊ दे. किती दिवस सुई टोचत बसणार? तुझेही डोळे जपायला हवेत."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. अकरा वर्षं उघडले नाहीत एवढंच. आता उघडलेत."

"बरं, सांगायचंच असेल तर धाकट्यानं केलं एवढंच सांग."

"कसं केलं, विचारतील."

"त्यालाच विचारा म्हण."

"मग तो सांगेल."

पोस्टमास्तरांनी सगळ्या वाटा मनातल्या मनात चालून बघितल्या. शेवटी म्हणाले, "मला तिथं तोंड राहणार नाही गं. म्हातारपणी दुसरं कुठं जाऊ मी?"

"आणि माझ्याकडून हे टेबल गेलं तर मी कुठं जाऊ, ते विचारलंत?" बाईंनी गुंडाळ्या उचलल्या. "टेकडी ठेवताना तरी विचारायचं होतंत."

रविवारी खोलीत नऊही जण होते. जोडलेल्या टेबलांवर बाईंनी नवा नकाशा पसरला, खुणा न भरता, नुसता टोचलेला. बेकरीवाल्यानं आधी पूलच बघितला आणि शिट्टी घातली.

"झाला वाद," तो म्हणाला. "चकती पण ठेवली नाही अजून."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी नवा नकाशा उचलला, दहा वर्षांपूर्वीचा त्याच्याखाली धरला आणि दोन्ही खिडकीच्या काचेवर दाबले. "या इकडं. सगळे या. एकमेकांच्या पायावर पाय न देता."

सगळे आले. भोकाभोकातून उजेड येत होता. बाईंनी नऊ गावं बोटानं दाखवली, मग पूल. आधी काय दाखवतायत ते कुणाला कळेना. मग कुलूपवाल्याला कळलं.

"मापाड्यांनी जाळी आधी बघून मुलूख काढलाय," तो म्हणाला.

"हो. वाद व्हावा म्हणून." बाई मागं वळल्या नाहीत. "आता खालचा नकाशा बघा. टेकडीपासून उतारापर्यंत घरं मोजा. दुसरे इथं ठेवलेत, तेही मोजा."

मोजायचं काम बेकरीवाल्यानं केलं. तो मोठ्यानं मोजत होता. पाच. पाच. पाच. चौथ्या नकाशाला त्याचा आवाज बदलला. आठव्यानंतर त्यानं मोजणं सोडून दिलं आणि पोस्टमास्तरांकडं बघितलं. पोस्टमास्तर खुर्चीत बसल्या बसल्या चकत्यांची चवड नीट करत होते.

"दोनदा," बेकरीवाला म्हणाला. "दोनदा माझी घोड्यांची पलटण त्या टेकडीखाली कापून काढलीत. आणि वर मला म्हणालात, नशीब एकेकाचं. खांद्यावर हात ठेवून म्हणालात."

"खेळ आहे हो शेवटी," पोस्टमास्तर म्हणाले.

"खेळ असता तर मी हरलो असतो. तुम्ही मला हरवून ठेवलंत."

मग जे व्हायचं ते झालं. दहा मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. मापाडी एकटे न ओरडता सांगत होते की, मी जिंकण्यासाठी केलं नाही, वाद व्हावा म्हणूनच केलं. त्यावर कुलूपवाला म्हणाला की कुलूप तोडणारा चोरी करायला आला होता की नुसतं बघायला, हे मालकाला सारखंच असतं. दोन्ही भावांना कायमचं काढा, अशी एक सूचना आली. मग नऊतले दोन गेले तर दोन्ही बाजूंना पुरेशी माणसंच उरत नाहीत, हे लक्षात आल्यावर ती मागं पडली. मुलूख काढायचं काम त्या घरातून गेलं, ते मात्र एका दमात ठरलं. ते कुलूपवाल्याकडं आलं.

"आणि आखणी?" कुणीतरी म्हणालं. "आंधळी आखणी आंधळी नव्हतीच, हे बाईंनीच दाखवलं की. मग यंत्र काय वाईट?"

"यंत्राची जाळी तर तिथल्या तिथंच पडते," बाई म्हणाल्या. "तिथं काचेला लावायचीही गरज नाही. एकानं एक कागद घरी नेला की काम झालं. माझा निदान हात तरी कापेल कधी."

"तुमचा हात कापत नाही हीच तर अडचण झाली," कुलूपवाला म्हणाला. त्यानं डोकं खाजवलं. "मध्यापासून सुरुवात. सगळ्यांना ठाऊक असलेली एकच किल्ली. असल्या कुलपाला कुलूप कोण म्हणेल? बाई, सुरुवात बदला. घर सहा सुतांचं आहे ना? फासे टाकू. एक फासा किती सूत उजवीकडं, दुसरा किती सूत वर. इथंच, सगळ्यांसमोर, खेळायच्या आधी."

बाईंचा चेहरा आक्रसला. "कडेला घरं फाटतील. एकीकडं पाऊण, दुसरीकडं चिंधी. सव्वीस वर्षांत मी असा कागद कुणाला दिला नाही."

"मग यंत्र," मापाडी म्हणाले.

बाईंनी टेबलावरच्या नकाशाकडं बघितलं, त्याच्या चारी कडांना उरलेल्या सारख्या, सरळ पट्ट्यांकडं. हात मागं बांधले. मग म्हणाल्या, "फासे कुठायत?"

"आधी हात वर करा," कुलूपवाला म्हणाला. "बाई की यंत्र. बाई म्हणणाऱ्यांनी."

पहिला हात बेकरीवाल्याचा. "या बाईनं नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं," तो म्हणाला. "हिचं कुणाशी पटत नाही. आखणीला अशीच बाई पाहिजे." आणखी तिघांचे हात वर गेले, नाइलाजानं खाजवायला गेल्यासारखे. चार. पाचवा हात मापाड्यांचा होता.

बाईंनी भुवई उचलली.

"मला तुमची आखणी नको नव्हती वहिनी," मापाडी म्हणाले. "दादाची टेकडी नको होती. मोतीबिंदू निघाला की मुलूख पुन्हा त्याच्याकडंच गेला असता, म्हणून जाळीच बदलायला बघत होतो. गेल्या वर्षी मुलूख काढायला जुने नकाशे घेतले तेव्हा कळलं."

"मग वर्षभर तोंडात काय धरलं होतंत?"

"थोरला भाऊ आहे तो माझा."

"माझाही तो नवरा आहे. माझ्या तोंडाला काय झालं?"

पोस्टमास्तरांचे दोन्ही हात मांडीवर होते. नऊपैकी पाच, बाईंकडं आखणी राहिली. नवऱ्याच्या मताशिवाय राहिली, हे सगळ्यांनी मोजलं.

त्या दिवशी बाईंनी चमच्याच्या पाठीनं घासून जुनी भोकं बुजवली, फासे पडले तशी सुरुवात सरकवली आणि तासभर टोचत बसल्या. आठ जण बघत होते. एकानं सिगरेट काढली, ती बाईंनी न बघता खिशात घालायला लावली. पूल एका घरात आला, धडधडीत, वादाला जागा न ठेवता. उजव्या कडेला खरंच चिंध्या उरल्या. बाईंनी त्या बाजूचे आकडे शेवटी घातले आणि ते घालताना त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. पोस्टमास्तर खेळले नाहीत. जिन्यावरून एकटेच आधी गेले.

घरात मग तीन आठवडे शब्द नव्हता. पोस्टमास्तरांचा गोडवा समोरच्या दारी गेला. संध्याकाळी ते धाकट्याकडं जाऊन बसत आणि जाऊ मुद्दाम मोठ्यानं हसे, सहा पावलांवर ऐकू जावं म्हणून. बाई ताट वाढून ठेवत आणि आपल्या खोलीत जात. दोनदा त्यांनी थेंबांची बाटली आरामखुर्चीच्या हातावर नेऊन आपटली. दोन्ही वेळा पोस्टमास्तरांनी ते थेंब घातले, पण आभार मानले नाहीत.

तिसऱ्या रविवारी कागद पालथा घालून बाई दोरा ताणत होत्या, तेव्हा पोस्टमास्तर जिना चढून आले. बेकरीवाल्यानं खुर्ची सरकवली, त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्यापासून लांब. ते उभेच राहिले. मग टेबलाला वळसा घालून कुलूपवाल्याकडं गेले आणि हात पुढं केला. कुलूपवाल्यानं बाईंकडं बघितलं. बाई दोऱ्याला गाठ मारत होत्या. त्यानं फासे पोस्टमास्तरांच्या तळहातावर ठेवले.

फासे कागदाच्या पाठीवर घरंगळले. एक पार कडेपर्यंत गेला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते लांबून दिसेनात म्हणून पोस्टमास्तर टेबलावर ओणवे झाले, नाक फाशाला लागेपर्यंत.

"तीन," ते बायकोला म्हणाले. "आणि सहा."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "कोपर काढा कागदावरचा."

त्यांनी कोपर काढला आणि बाईंनी सुई टेकवली.